चार जनरेटरचे गांगुर्डे मामा

गांगुर्डे मामा सकाळी पाळीवर आले की डबा खुंटीला अडकवायचे आणि हजेरीची सही करण्याआधी चारही जनरेटरच्या पत्र्यावर एकेक करून तळहात ठेवायचे. मूल तापलंय का बघावं, तसा. मशीन बंद असलं तरी प्रत्येकापाशी तेवढाच वेळ थांबायचे. पहिल्या दिवशी मी हे पाहिलं तेव्हा मला ती पूजाच वाटली. मी मागूनच हसून विचारलं, "मामा, रोज नमस्कार करता का यांना?"

ते म्हणाले, "साडेदहाला."

मला वाटलं, माणूस मोठा मिश्कील दिसतो. मी आणखी हसले. तेही हसले. त्यांचं ते उत्तर विनोद नव्हता, हे कळायला मला चार महिने लागले.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद पडलेल्या कारखान्याची जागा घेऊन आमच्या कंपनीने तिथे डेटा सेंटर उभं केलं होतं. लोकांचे फोटो, दवाखान्यांचे रिपोर्ट, पतसंस्थांचे व्यवहार हे सगळं जिथे साठवलेलं असतं ती यंत्रं आमच्याकडे थंडगार खोल्यांमध्ये कपाटांसारखी ओळीने उभी होती. या यंत्रांना विजेचा क्षणभरही खंड चालत नाही. वीज गेली की आधी जुन्या बॅटऱ्यांची एक रांग काही मिनिटं तग धरायची आणि तेवढ्यात मागच्या आवारातले चार डिझेल जनरेटर धडधडत उठायचे. त्या चारांवर पाळीपाळीने चार चालक होते. मामा त्यांतले सगळ्यात जुने. कारखाना होता तेव्हाही ते तिथल्याच जनरेटरवर होते. कारखाना गेला, मालक बदलले, मशीन बदलली, पण मामा आवारातल्या कडुनिंबासारखे तिथेच राहिले. नोकरी मात्र कायमची नव्हती. ठेकेदाराकडून दर वर्षी नवा कागद यायचा.

मी पुण्याला शिकून नाशिकला परत आले होते आणि माझं काम असं होतं की छपरावर, वाहनतळावर जिथे जागा मिळेल तिथे सौरऊर्जेचे पॅनल बसवायचे, मोठ्या नव्या बॅटऱ्या आणायच्या आणि डिझेल जवळजवळ बंद करायचं. त्याचा आराखडा करायला मला वर्षभर दिलं होतं. किती पॅनल, केवढी बॅटरी, कुठे ठेवायची, कितीचा धोका पत्करायचा हे सगळं त्यात आलं. माझ्याकडे मीटरची दोन वर्षांची नोंद होती. मी ती संगणकात घातली, आणि बॅटरी केवढी हवी ते उत्तर दोन दिवसांत तयारही झालं. सहज म्हणून मी ते मामांना सांगायला गेले. या वेळी मी त्यांच्या समोर उभी होते, त्यामुळे त्यांना सगळं कळलं.

ते म्हणाले, "ताई, लाइट काय एकसारखी नाय जात. कधी डोळा मिचकावते, कधी डुलकी घेते, आन कधी गावाला जाते. तुमच्या कागदात यातली कोणती हाय?"

माझ्या कागदात दर पंधरा मिनिटांची सरासरी होती. पंधरा मिनिटांच्या सरासरीत डोळा मिचकावलेला दिसत नाही. रजिस्टरातही 'वीजपुरवठा खंडित' एवढंच लिहायची पद्धत होती, मग ती दोन सेकंद गेलेली असो की दोन तास. मामांकडे मात्र तिचा सगळा स्वभाव होता. मे महिन्यात दुपारी तीननंतर ती डोळे मिचकावते, कारण आसपासच्या सगळ्या कारखान्यांचे पंखे आणि यंत्रं एकदम ओढतात. वारा सुटला की डुलकी, कारण फांदी तारेला लागते. शनिवारी दुरुस्तीसाठी ती गावाला जाते, पण सांगून जाते, त्यामुळे तिचा राग नाही. आठ-दहा दिवसांनी त्यांना आणखी एक आठवलं. "एक राहिलंच. कधीकधी ती रुसते. जात नाय, पण अंगात जोर नसतो. बल्ब पिवळा पडतो. ते कुणी मोजत नाय, पण मशीनला खरा त्रास त्याचाच."

मी विजेचा दाब मोजणारं उपकरण मागवून महिनाभर लावून ठेवलं. रुसव्याचे दिवस मामा आधी सांगायचे आणि उपकरण नंतर. माझं दोन दिवसांत तयार झालेलं उत्तर मी फाडून टाकलं.

डोळा मिचकावण्यावर त्यांचा विशेष राग होता. वीज दोन सेकंदांसाठी गेली तरी चारही जनरेटर उठायचे आणि नियमाप्रमाणे वीस-पंचवीस मिनिटं उगाच डिझेल जाळत उभे राहायचे. मामा म्हणायचे, "आपुन कुणी शिंकलं म्हणून सगळ्या गावाला उठवतो का?" माझ्या आराखड्याच्या पहिल्या पानावर मी जे लांबलचक इंग्रजीत लिहिलं होतं, ते सगळं या एका वाक्यात होतं.

त्या हिवाळ्यातल्या दुपारी आज मला फार आठवतात. जनरेटरच्या शेडमागे पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यापुढे मोकळी जागा. मामा तिथे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि उन्हाबरोबर खुर्ची सरकवत राहायचे. डिझेलचा वास, शेजारच्या ओतकाम कारखान्यातून येणारा तापलेल्या वाळूचा वास, आणि मामांच्या डब्यातली बाजरीची भाकरी, मुगाची डाळ आणि लाल मिरचीचा ठेचा. मी माझी पोळीभाजी घेऊन तिथेच जायला लागले होते. वरच्या मजल्यावर जेवणाची काचेची खोली होती, पण तिथे सगळे मोबाइलकडे बघत जेवायचे. मामा माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत जेवायचे. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं कोणीच ऐकलं नव्हतं, असं मला वाटायचं.

एकदा मी लॅपटॉपवर त्यांना वाहनतळाचं चित्र दाखवलं. पश्चिमेच्या बाजूला पॅनलच्या चार रांगा. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दिवाळीनंतर तिथं तीन वाजता सावली येती."

"कशाची सावली? तिकडे इमारतच नाही."

ते मला तिकडे घेऊन गेले, हाताला धरलं नाही एवढंच. शेजारच्या आवारात पाण्याची उंच टाकी उभी होती. माझ्या संगणकातलं वरून घेतलेलं छायाचित्र ती टाकी बांधण्याआधीचं होतं. "मी खुर्ची सरकवतो ना, मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. "मार्गशीर्षात ती सावली पार त्या पांढऱ्या गाडीपर्यंत येती. होळीला परत जाती." पुढचे काही आठवडे आम्ही दोघं खडूने जमिनीवर रेघा ओढत होतो. सावलीची रेघ, वेळ, तारीख. चार रांगांतल्या दोन मी पूर्वेच्या छपरावर नेल्या. पश्चिमेचा वारा सुटला की ओतकामाची काजळी कुठल्या पत्र्यावर बसते, तेही त्यांनीच दाखवलं. बोट फिरवून काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं.

द्राक्षांच्या दिवसांत ते पिशवी भरून द्राक्षं आणायचे. त्यांचा धाकटा भाऊ दिंडोरी तालुक्यातल्या त्यांच्या गावी एका बागेत छाटणी-फवारणीच्या कामावर होता. परदेशी पाठवायच्या मालातून बाजूला काढलेले घड भाऊ घेऊन यायचा. मामा म्हणायचे, "घ्या ताई, नापास द्राक्षं हायेत. पास झालेल्यापेक्षा गोड असतात." चुंचाळ्याच्या त्यांच्या वस्तीत एक लहानसा बुद्धविहार होता. तिथली वायरिंग त्यांनी स्वतः केली होती, आणि रविवारी मुलं तिथे अभ्यासाला बसायची म्हणून एक जुनी बॅटरी जोडून दोन दिवे कायम चालू राहतील अशी सोय केली होती. "पोरांचा डोळा पुस्तकावर असताना लाइटीनं डोळा मिचकावू नये," असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीत एके सकाळी डिझेलची पिंपं घेऊन आलेला टेम्पो आवारात मागे येत होता. मागे येताना वाजतो तो पीं-पीं आवाज जोरात वाजत होता. मामा टेम्पोकडे पाठ करून गाळणी धूत होते. मी लांबून हाक मारली. ते हलले नाहीत. मी पुन्हा ओरडले. मग पळत जाऊन दंडाला धरून त्यांना ओढलं. गाळणी चाकाखाली गेली. मामांनी आधी चपट्या झालेल्या गाळणीकडे पाहिलं, मग टेम्पोकडे, मग माझ्या तोंडाकडे. तेव्हा मला ते साडेदहाचं उत्तर आठवलं, आणि ते जेवताना टक लावून का बघतात तेही कळलं. ते ऐकत नव्हते. ओठ वाचत होते.

"कुणाला सांगू नका ताई," ते म्हणाले. मग खोलीत बसून, तसे बोलायला लागलेच आहोत म्हणून सगळं सांगितलं. "आधी बारीक आवाज गेले. चिमण्या गेल्या. मंग कुकरची शिट्टी गेली. मंग नातीचं बोलणं गेलं, तिचा आवाज बारीक हाय. जाडे आवाज अजून येत्यात. मशीनचा येतो, पण तो कानातून नाय येत, पायातून येतो. हात ठेवला की हातातून." इतकी वर्षं त्या आवाजात बसून कान गेले होते. पहिल्या मालकाने कानात घालायला कधी काही दिलं नव्हतं. नंतर दिलं तेव्हा उशीर झाला होता. "ठेकेदाराला कळलं तर उद्या दुसरा माणूस उभा करील. दोन वर्षं राहिलीत माझी."

मी शब्द दिला आणि पाळला. तो पाळायला नको होता, हे पुढे कळलं.

आता एक गोष्ट लिहायला हवी, जी मला लिहावीशी वाटत नाही. माझ्या आराखड्याच्या शेवटी एक तक्ता होता. नवी बॅटरी तीन-चार तास तग धरेल एवढी असणार होती, म्हणून जनरेटर चारऐवजी एक, आणि चालक चारऐवजी एक. हा तक्ता मी दिवाळीच्या आधीच केला होता. म्हणजे ज्या दुपारी मी मामांची भाकरी खात होते आणि त्यांच्याकडून सावल्या, काजळी आणि रुसवे गोळा करत होते, त्या सगळ्या दुपारी मला ठाऊक होतं की या माहितीतूनच त्यांचं काम जाणार आहे. मी बोलले नाही. निर्णय अजून व्हायचा आहे, आत्ताच कशाला घाबरवायचं, असं मी मनाला सांगत होते. खरं कारण एवढंच होतं की सांगितलं तर ते बोलायचे थांबतील, अशी मला भीती होती.

यातून सुटायला मी एक वाट काढली. त्या उरलेल्या एका जागेसाठी मी आराखड्यात शिफारस लिहिली की बॅटरीचं आवार आणि उरलेला जनरेटर अशा दोन्हींवर लक्ष ठेवायला अनुभवी माणूस म्हणून रामदास गांगुर्डे यांनाच ठेवावं. मला बरं वाटलं. दोन वर्षं निघतील, आपलं ओझंही उतरेल.

मार्चमध्ये बैठक झाली. आमचे केंद्रप्रमुख भावसार साहेब, मुख्य कार्यालयातून आलेले दोघं, ठेकेदाराचा सुपरवायझर आणि मी. भावसार साहेबांचा बॅटरीवर विश्वास बसत नव्हता. डिझेलचा धूर दिसतो, आवाज येतो, बॅटरी गप्प बसलेली असते, त्यामुळे ती काम करते आहे यावर लोकांचा विश्वास बसत नाही. शेवटी ते म्हणाले, "गांगुर्डेंना बोलवा. वीज गेल्यावर पळायचं कोणाला असतं, त्यालाच विचारू."

मामा टोपी हातात घेऊन आले. सुपरवायझरने येता येता त्यांना काहीतरी सांगितलं होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. चार चालकांचा ठेका त्याचाही होता. मामांनी मान खाली घालून 'साहेब, बॅटरीचा काय भरवसा' एवढं म्हटलं असतं तरी माझा सगळा आराखडा कपाटात गेला असता आणि चारही माणसांची नोकरी राहिली असती.

भावसार साहेबांनी विचारलं, "काय गांगुर्डे, चारही मशीन लागतीलच ना?"

साहेब समोर बसले होते, त्यामुळे मामांना प्रश्न नीट कळला. ते म्हणाले, "नाय साहेब. डोळा मिचकावला, डुलकी घेतली, रुसली, तर ही बॅटरी सांभाळील. ताईनं त्याचा नीट हिशेब केलाय, मी पाहिलाय. गावाला गेली तर एक मशीन पायजे. चार कशाला?"

मुख्य कार्यालयातल्या एकाने मला हळूच विचारलं, गावाला गेली म्हणजे काय. मी सांगितलं. भावसार साहेब मोकळे हसले आणि माझ्या आराखड्याचं शेवटचं पान उलटून म्हणाले, "मग ते एक मशीन आणि बॅटरीचं आवार तुम्हीच सांभाळा. मॅडमनी तुमचंच नाव लिहिलंय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणा अशी.

ते म्हणाले, "साहेब, मला ऐकू येत नाय."

भावसार साहेबांना वाटलं, त्यांचं वाक्य ऐकू आलं नाही. त्यांनी ते मोठ्याने पुन्हा म्हटलं. मामांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "तसं नाय. मला बारीक आवाज येतच नाय. बॅटरी तापली की घंटी वाजणार, मंग सगळ्यांनी आवारातून बाहेर पडायचं, बटण दाबायचं, असं ताईनंच सांगितलंय. ती घंटी मला कळणार नाय. आवारात बायामाणसं झाडायला येत्यात. माझ्यामुळं कुणाचं बरंवाईट झालं तर? काशिनाथचा कान चांगला हाय. त्याला ठेवा."

काशिनाथ भोये हा दुसरा चालक, हरसूलकडचा, अबोल आणि कामाला चोख. जागा त्याला मिळाली.

बैठक संपल्यावर मी मामांच्या मागे मागे खोलीपर्यंत गेले. मला रडू येत होतं आणि थोडा रागही आला होता. मी म्हटलं, "घंटीबरोबर फिरता दिवाही लावता आला असता. काहीतरी करता आलं असतं. तुम्ही माझ्याशी आधी बोलायला हवं होतं."

"दिवा लावाच," ते म्हणाले. "पण माणूस दिव्याकडं पाठ करून बी बसतो. मी गाळणी धूत व्हतो तेव्हा काय झालं?" मग म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलं. बॅटरी माझ्यासाठी खोटं वागणार नाय."

जे विचारायचं मला इतके दिवस धैर्य नव्हतं, ते मी विचारलं. "मामा, माणसं कमी होणार हे तुम्हाला आजच कळलं का?"

"दिवाळीच्या आधीच. तुम्ही कागद टेबलावर ठेवून चहाला गेल्या व्हत्या. इंग्रजी मला येत नाय, पण आकडे सगळीकडं तेच असत्यात. आधी चार, मंग एक. मशीनचं चित्र वेगळं आन माणसाचं वेगळं."

"आणि तरी तुम्ही मला सगळं सांगत राहिलात?"

"तुम्ही विचारत व्हत्या ना," मामा म्हणाले. "इतकी वर्षं मी हितं बसलोय. लाइट कशी जाती हे कुणी मला विचारलं नव्हतं. आन खोटं सांगून काय झालं असतं? चुकीची बॅटरी आली असती. मशीन बी गेली असती आन बॅटरी बी कामाची नसती."

काम पुढे आठ-नऊ महिने चाललं. पावसाळ्यात पाया घातला, दसऱ्याला पॅनल चढले, बॅटऱ्यांचे मोठे लोखंडी पेटारे भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत बसले. नवं आणि जुनं काही दिवस शेजारी शेजारी चालवायचं होतं आणि भोयेला सगळं शिकवायचं होतं, म्हणून मामांना डिसेंबर अखेरपर्यंत ठेवावं, एवढं मी भांडून मिळवलं. बाकीच्या दोघांना ठेकेदाराने सिन्नरकडे पाठवलं. भावसार साहेबांनी कोणाला न सांगता मामांना कानाच्या डॉक्टरकडे नेण्याची व्यवस्था केली. तपासणी झाली, कानामागे लावायचं यंत्र आलं. आठवडाभर लावल्यावर मी विचारलं, कसं वाटतं. मामा वैतागले होते. "लय कचरा ऐकू येतो ताई. पंखा, पिशवी, कुणाच्या चपला. एवढं सगळं तुम्ही दिवसभर ऐकता?" मग जरा वेळाने म्हणाले, "नात लय बोलती. मला वाटायचं मुकीच हाय."

पहिल्यांदा वीज गेली आणि सगळा भार बॅटरीवर आला, तो प्रसंग डिसेंबरातल्या एका दुपारचा. आतल्या यंत्रांना कळलं नाही, वर बसलेल्यांना कळलं नाही. आवारात मी, भोये आणि मामा होतो. शेजारच्या कारखान्याच्या भिंतीतला मोठा पंखा हळू होत थांबला. मामा चटकन उठले. जनरेटरच्या दिशेने दोन पावलं गेले आणि थांबले. हात अर्धवट पुढे आलेला होता. तो त्यांनी शर्टाला पुसला, काही लागलं नव्हतं तरी, आणि परत येऊन बसले. पंख्याकडे बघत म्हणाले, "डुलकी हाय. येईल आता." अकरा मिनिटांनी पंखा फिरायला लागला. भोये पडद्यावरचे आकडे वाचून दाखवत होता, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. मी त्या दिवशी वर जाऊन सगळ्यांचे अभिनंदनाचे हात हातात घेतले. पेढे आणले होते. मामांनी एक घेतला आणि अर्धा कागदात बांधून नातीसाठी ठेवला.

त्यानंतर ते घरीच होते. मी वर्षभराने दुसऱ्या शहरात गेले. दिवाळीला फोन व्हायचा. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून त्यांची नात मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायची. गेल्या वर्षी भोयेचा फोन आला की मामा झोपेतच गेले. मी पोहोचले तेव्हा चौथा दिवस होता. चुंचाळ्याच्या घरात पांढऱ्या साडीतल्या बायका बसल्या होत्या, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या होत्या. मामी मला आत घेऊन गेल्या, चहा दिला. म्हणाल्या, "तुमचं लय सांगायचे. सावलीच्या रेघा ओढायचं तर किती वेळा सांगितलं, आम्हाला पाठ झालं."

मी विचारलं, "नोकरी गेली त्याचा राग होता का त्यांना माझ्यावर?"

मामींनी विचार केला. त्या खोटं बोलू शकल्या असत्या. अशा वेळी सगळेच बोलतात. "नोकरीचा नाय," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, ते तर होणारच व्हतं, धूर काय चांगला असतो का. पण एवढं मात्र म्हणायचे, ताईनं मला आधी सांगायला पायजे व्हतं. कागदावरून कळायला नको व्हतं."

मी चहा संपवला. दारात नात उभी होती, ती मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली आणि वाटेत सारखी बोलत होती.

आता मी निरनिराळ्या गावी अशाच केंद्रांचे आराखडे करते. कुठेही गेले की वरच्या मजल्यावर आकडे तयार असतात, तिथले साहेब म्हणतात, सगळी नोंद आहे मॅडम, तुम्हाला हिंडायची गरज नाही. मी आधी मागच्या आवारात जाते आणि जनरेटरवर जो असेल त्याच्यासमोर, त्याला माझं तोंड दिसेल असं उभी राहून सांगते की माझ्या कामामुळे इथली माणसं कमी होतील, त्यात तुम्हीही असाल. हे ऐकून घ्या, आणि मग वाटलं तर मला काही सांगा. काहीजण सांगतात. बरेचजण उठून जातात. जे उठून जातात त्यांच्या सावल्या आणि रुसवे मला कधीच कळत नाहीत, आणि तिथला माझा आराखडा तेवढा कच्चा राहतो. मी त्यांच्या मागे जात नाही.